एन्रॉनला विरोध एक, युक्तिवाद चार: डाव्यांचा वाद संशोधक म्हणून कसा वाचायचा?

पीएचडीच्या मुलाखतीसाठी आराखडा लिहायला बसलं की अनेकांच्या हातून पहिलं शीर्षक साधारण असं उतरतं: 'नवउदारमतवादी धोरणांचा महाराष्ट्रावर झालेला परिणाम: एक चिकित्सक अभ्यास'. शीर्षकात तसं चुकीचं काही नाही. पण समितीतल्या कुणी 'कुठलं धोरण? कुणावर परिणाम? आणि हे तुम्ही कशावरून म्हणणार?' असे तीन साधे प्रश्न विचारले, की पुढची पाच मिनिटं अवघड जातात.

डाव्या विचारांचं साहित्य वाचून आलेल्यांची ही अडचण जास्त होते. भांडवलशाही, साम्राज्यवाद, शासनसंस्था, वर्गहित हे शब्द इतके मोठे आहेत की त्यांच्या पोटात काहीही मावतं. उलट बाजूने 'डावे काय, सगळ्यालाच विरोध करतात' असं म्हणणारेही भेटतात. दोन्हीकडे गृहीत एकच आहे. 'डावे' म्हणजे एक आवाज, आणि त्यांचा विरोध म्हणजे एक युक्तिवाद, असं धरून चाललं जातं. प्रत्यक्षात डाव्यांमधले आर्थिक धोरणावरचे वाद फार खोल आहेत, आणि संशोधनाचे चांगले प्रश्न बहुतेक वेळा त्या वादांच्या फटीतच सापडतात.

हे नुसतं सांगून पटणार नाही, म्हणून आज एक प्रकरण घेऊ: एन्रॉनचा दाभोळ वीज प्रकल्प. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा तेव्हा जन्मही झाला नसेल. प्रकल्प रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात. पण त्यावरच्या वादाचं एक महत्त्वाचं केंद्र पुण्यात होतं, आणि त्याचा बराच कागद आजही इथे बसून वाचता येतो.

आधी घटनाक्रम

१९९१ मध्ये परकीय चलनाचं संकट आलं. सरकारने नाणेनिधीकडून कर्ज घेतलं, नवं आर्थिक धोरण आणलं आणि वीजनिर्मिती खासगी व परकीय कंपन्यांना खुली केली. अटी आकर्षक होत्या. शंभर टक्के परकीय मालकी चालेल, आणि ठरावीक क्षमतेने प्रकल्प चालला तर भागभांडवलावर करोत्तर १६ टक्के परतावा मिळेल.

जून १९९२ मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळ आणि अमेरिकेतली एन्रॉन कंपनी यांच्यात सामंजस्य करार झाला. एप्रिल १९९३ मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला. आयात केलेल्या द्रवरूप वायूवर चालणारी इतकी महाग वीज मंडळाला परवडणार नाही, असं बँकेचं म्हणणं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. तरीही ८ डिसेंबर १९९३ रोजी वीज खरेदी करार झाला. पहिल्या टप्प्यात ६९५ मेगावॅट, दोन्ही टप्पे मिळून २,०१५ मेगावॅट, मुदत २० वर्षं. एन्रॉनबरोबर जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या कंपन्याही होत्या. मंडळाने पैसे दिले नाहीत तर राज्य सरकारची हमी, आणि राज्याने दिले नाहीत तर केंद्राची प्रतिहमी.

१९९५ च्या विधानसभा निवडणुकीत शिवसेना-भाजप युतीने 'एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू' असा प्रचार केला. सत्तेवर आल्यावर गोपीनाथ मुंडे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि ३ ऑगस्ट १९९५ रोजी मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी प्रकल्प रद्द केल्याचं जाहीर केलं. काही महिन्यांतच फेरवाटाघाटी झाल्या आणि १९९६ च्या सुरुवातीला प्रकल्प परत आला, तोही आधीपेक्षा मोठा होऊन. आता दोन्ही टप्पे मंडळावर बंधनकारक झाले होते. मे १९९६ मध्ये वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारने प्रतिहमीवर शिक्कामोर्तब केलं.

मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. दोन वर्षांत मंडळाची बिलं थकली, एन्रॉनने केंद्राच्या प्रतिहमीवर बोट ठेवलं आणि मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. त्याच वर्षी २ डिसेंबरला अमेरिकेत एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांच्या पुढाकाराने रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी उभी राहिली आणि प्रकल्प तिच्याकडे गेला.

खानावळीचं गणित

पुढचा वाद समजायचा तर करारातली एक गोष्ट नीट कळायला हवी. दाभोळच्या विजेची किंमत दोन भागांची होती: क्षमतेपोटी द्यायचा स्थिर आकार, आणि वापरलेल्या विजेपोटी द्यायचा इंधनाचा आकार.

खानावळीचं उदाहरण घ्या. आकडे काल्पनिक आहेत. सदाशिव पेठेतल्या एका खानावळीत महिन्याला २,४०० रुपये ठरलेले, जेवा किंवा जेवू नका. शिवाय प्रत्येक ताटामागे २० रुपये. महिन्यात ६० वेळा जेवलात तर एक ताट पडतं ६० रुपयांना. परीक्षा संपली, गावी गेलात आणि २० वेळाच जेवलात, तर तेच ताट १४० रुपयांना. जेवण कमी, ताट महाग. वर अशी अट घाला की मावशींना पैसे डॉलरच्या भावाने मोजायचे. आणि शेवटची अट: घरून डबा आला असेल तरी तो बाजूला ठेवून खानावळीतच जेवायचं, कारण पैसे तर भरलेलेच आहेत.

दाभोळमध्ये साधारण हेच झालं. कराराची रचना अशी होती की मंडळाला स्वतःची कोळशावरची स्वस्त वीज कमी करून दाभोळची महाग वीज घ्यावी लागण्याची परिस्थिती येई. रुपया घसरला, इंधन महागलं, मंडळाने वीज कमी उचलली आणि स्थिर आकार थोड्याच युनिटांवर वाटला गेला. २००० च्या उत्तरार्धात युनिटचा दर सात रुपयांच्या पुढे गेल्याच्या बातम्या आल्या. म्हणजे विजेची किंमत वाढण्यामागे फक्त इंधन नव्हतं. जोखीम कुणी उचलायची, हे ज्या कलमांनी ठरवलं होतं, त्या कलमांचाही त्यात मोठा वाटा होता.

युक्तिवाद पहिला: करार वाईट आहे

पुण्यातल्या 'प्रयास' या संस्थेचा हा युक्तिवाद. गिरीश संत, शंतनू दीक्षित आणि सुबोध वागळे यांनी वीज खरेदी कराराची रचना उलगडून जून १९९५ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त मांडली. त्या काळी असे करार गोपनीय मानले जात. 'व्यापारी गुपित' म्हणून ते लोकांसमोर येत नसत. या मंडळींनी घोषणा बाजूला ठेवून कलमं वाचली. जोखीम कुणावर, नफा कुणाला, मंडळाच्या वार्षिक हिशेबावर भार किती, हे दाखवलं. कंपनीला मिळणारा परतावा धोरणातल्या १६ टक्क्यांपेक्षा बराच जास्त निघतो, हा त्यातला एक महत्त्वाचा मुद्दा होता.

'प्रयास' स्वतःला डावी संस्था म्हणवत नाही. पण डाव्या चळवळीच्या हातात आलेला सर्वांत टणक पुरावा तिथून आला, हे खरं. या युक्तिवादाची ताकद अशी की तो तपासता येतो. कलम दाखवा, गणित दाखवा, चूक असेल तर खोडा. मर्यादाही तिथेच आहे. 'हा करार वाईट आहे' यातून 'खासगी वीज वाईट आहे' हे आपोआप सिद्ध होत नाही. उद्या कुणी चांगला करार घेऊन आलं तर काय म्हणणार?

युक्तिवाद दुसरा: वीज सार्वजनिकच हवी

हा युक्तिवाद कम्युनिस्ट पक्षांचा आणि त्यांच्या कामगार संघटनांचा. वीज कामगारांमध्ये डाव्यांचं काम जुनं होतं. भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे नेते कॉ. ए. बी. बर्धन यांनी वीज कामगारांच्या संघटनेत वर्षानुवर्षं काम केलं होतं. मार्क्सवादी पक्षाशी जोडलेल्या 'सीटू'ने अभय मेहता यांच्यासह मुंबई उच्च न्यायालयात कराराला आव्हान दिलं. १९९६ च्या अखेरीस ती याचिका फेटाळली गेली, पण वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

यांचं म्हणणं असं: वीज ही बाजारातली वस्तू नाही, उद्योग आणि शेती उभी करणारी पायाभूत सोय आहे. ती नफ्यासाठी चालवली की जिथे पैसा आहे तिथेच जाणार. शिवाय कर्ज देताना अटी घालणारा नाणेनिधी, हमी मागणारी कंपनी आणि तिच्या पाठीशी उभं राहणारं अमेरिकी सरकार ही एक साखळी आहे. तेव्हा प्रश्न एका कराराचा नसून १९९१ च्या धोरणाचा आहे.

इथे मघाची गोष्ट आठवा: जागतिक बँकेने नकार दिला होता. 'सगळं जागतिक भांडवल एका सुरात बोलतं' असं गृहीत धरलं तर हा नकार समजत नाही. बँक खासगीकरणाच्या बाजूची होती, पण तिला हा प्रकल्प नको होता. म्हणजे जागतिक भांडवलशाहीच्या संस्थांमध्येही हितसंबंध वेगळे असतात. या युक्तिवादावर काम करणाऱ्या संशोधकाला हा अपवाद टाळून पुढे जाता येत नाही. त्याचा अर्थ लावावाच लागतो.

युक्तिवाद तिसरा: जमीन, समुद्र आणि हक्क कुणाचे?

अंजनवेल, वेलदूर, रानवी या गावांतल्या शेतकऱ्यांसाठी आणि मच्छीमारांसाठी युनिटचा दर हा पहिला प्रश्न नव्हता. जमीन संपादन, पाणी, मासेमारी आणि आपल्याला न विचारता झालेला निर्णय हे त्यांचे प्रश्न होते. १९९७ मध्ये इथलं आंदोलन तापलं. मेधा पाटकर, निवृत्त न्यायमूर्ती बी. जी. कोळसे-पाटील यांच्यासह अनेकांना अटक झाली, वेलदूरच्या महिलांवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने जानेवारी १९९९ मध्ये या दडपशाहीवर सविस्तर अहवाल काढला.

या प्रवाहाचं पारंपरिक डाव्यांशी पूर्ण जुळत नाही. 'प्रकल्प सरकारी असता तर चाललं असतं का?' हा प्रश्न विचारून बघा. कामगार संघटनेचं उत्तर बहुधा 'हो, योग्य मोबदला देऊन' असं येईल. वेलदूरच्या कोळणीचं उत्तर तसंच येईल याची खात्री नाही. कोयनेपासून नर्मदेपर्यंत विस्थापन करणारे प्रकल्प सरकारीच होते. विकास म्हणजे काय, यावरचा डाव्यांमधला हा जुना मतभेद आहे आणि एन्रॉनविरोधी मोर्चात दोन्ही बाजू एकाच फलकाखाली चालत होत्या.

युक्तिवाद चौथा: मंडळ तरी कुणाचं होतं?

हा सर्वांत अडचणीचा युक्तिवाद, म्हणूनच संशोधकासाठी सर्वांत कामाचा. समजा, एन्रॉन आलीच नसती. वीज मंडळ सुखात असतं का?

मंडळाच्या हिशेबात एक मोठी पोकळी होती. शेतीपंपांना मीटर नव्हते. अश्वशक्तीवर ठरलेला सपाट दर होता. त्यामुळे शेतीने वीज किती वापरली हा अंदाजाचा आकडा होता. वाटेत गळालेली आणि चोरीला गेलेली वीजसुद्धा 'शेतीचा वापर' या खात्यात सहज लपत असे. राज्य वीज नियामक आयोगासमोर २००० च्या सुमारास जाहीर सुनावण्या सुरू झाल्या, प्रश्न विचारले गेले आणि गळतीचा आकडा आधी सांगितल्यापेक्षा कितीतरी मोठा असल्याचं मंडळालाच मान्य करावं लागलं.

मग स्वस्त विजेचा लाभ कुणाला होत होता? पंप बसवायला आधी विहीर लागते, विहिरीला जमीन लागते. भूमिहीन शेतमजुराला पंपाची सवलत मिळत नाही. प्रणव बर्धन यांनी १९८४ च्या 'द पॉलिटिकल इकॉनॉमी ऑफ डेव्हलपमेंट इन इंडिया' या पुस्तकात मांडलेली चौकट इथे उपयोगी पडते. त्यांच्या मते भारतात वर्चस्व असलेले मालक वर्ग तीन: औद्योगिक भांडवलदार, श्रीमंत शेतकरी, आणि सार्वजनिक क्षेत्रातले व्यावसायिक व नोकरशहा. यातला कुणीही एकटा सत्ता गाजवू शकत नाही. म्हणून सगळ्यांना अनुदानं वाटून समाधानात ठेवलं जातं, आणि सार्वजनिक गुंतवणुकीसाठी पैसा उरत नाही.

या नजरेने पाहिलं तर 'सार्वजनिक विरुद्ध खासगी' ही मांडणी अपुरी पडते. मंडळ कागदावर जनतेचं होतं, पण त्याचा लाभ विषम वाटला जात होता. हे म्हणणं डाव्यांना अवघड जातं, कारण खासगीकरणाचे समर्थकही अगदी हेच म्हणतात. निदान एकच, इलाज उलटे. मंडळावरची टीका उघड केली तर विरोधकाच्या हाती कोलीत मिळतं, आणि झाकली तर आपलं विश्लेषण लंगडं पडतं. ही कोंडी त्या काळच्या पत्रकांमधून, ठरावांमधून कशी हाताळली गेली, हा माझ्या मते आजही पुरेसा न अभ्यासलेला प्रश्न आहे.

पुरावा कुठल्या पातळीचा आहे?

आता चारही युक्तिवाद एकत्र ठेवून बघा. ते तीन पातळ्यांवर आहेत.

पहिली पातळी कराराची: ही कलमं कुणाच्या फायद्याची? इथे पुरावा म्हणजे करार, बिलं, हिशेब.

दुसरी पातळी धोरणाची: वीजनिर्मिती खासगी परकीय कंपन्यांना खुली करणं बरोबर होतं का? इथे एका प्रकल्पाचा पुरावा पुरत नाही. १९९१ नंतरचे इतर खासगी प्रकल्प, इतर राज्यं, सरकारी प्रकल्पांचा खर्च, अशी तुलना लागते. ज्या आठ प्रकल्पांना झटपट मार्गाने मंजुरी मिळाली होती, त्यांचं पुढे काय झालं, ही तुलना अगदी करण्याजोगी आहे.

तिसरी पातळी व्यवस्थेची: जागतिक भांडवलशाही परिघावरच्या देशांतून संपत्ती कशी ओढते? इथे पुरावा आणखी वेगळा. भांडवल कुठून आलं, कर्ज कुणी दिलं, हमी कुणी घेतली, वाद कुठल्या देशातल्या लवादापुढे गेला, हे सगळं त्यात येतं.

एका पातळीवरचा पुरावा दुसऱ्या पातळीवर थेट चालत नाही, ही या लेखातली मुख्य गोष्ट आहे. तीन ठिकाणी पाय घसरतो.

एक. 'एन्रॉन दिवाळखोर झाली, म्हणजे दाभोळबद्दल डावे बरोबर होते.' तारखा बघा. दाभोळ मे २००१ मध्ये बंद पडलं, दिवाळखोरी डिसेंबरात आली. दिवाळखोरीचं मूळ अमेरिकेतल्या हिशेबातल्या लबाडीत होतं. डाव्यांचं, निदान पहिल्या युक्तिवादाचं, बरोबर असणं कराराच्या कलमांवरूनच सिद्ध होतं. त्याला दिवाळखोरीचा टेकू लागत नाही. कमकुवत पुरावा जोडला की मजबूत पुराव्यावरही शंका येते.

दोन. 'करार भ्रष्ट होता, पण उदारीकरण चांगलंच होतं.' ही उजवीकडची घसरण. स्थिर आकार, डॉलरशी जोडलेली किंमत, सरकारी हमी या गोष्टी फक्त कुण्या मंत्र्याच्या कमकुवतपणातून आल्या, की परकीय भांडवल आणायचं तर त्या द्याव्याच लागतात, हा प्रश्न उरतोच. माधव गोडबोले समितीने २००१ च्या अहवालात एकापाठोपाठ एक आलेल्या सरकारांच्या निर्णयप्रक्रियेवर बोट ठेवलं. काँग्रेस असो वा युती, परिणाम तोच आला असेल, तर स्पष्टीकरण व्यक्तींच्या पलीकडे शोधावं लागतं.

तीन. 'विरोध केला म्हणजे डावा.' युतीनेही विरोध केला, स्वदेशीवाल्यांनीही केला. कंपनी देशी असती तर? स्वदेशीच्या युक्तिवादात हरकत राहत नाही. दुसऱ्या युक्तिवादात राहते. तिसऱ्यात तर मालकाचं नागरिकत्व हा मुद्दाच नाही. कुठल्याही युक्तिवादातली एकच गोष्ट बदलून पाहिली की त्याचा खरा गाभा कळतो. ही युक्ती जपून ठेवा.

संकल्पना चिकटवण्याआधी

डेव्हिड हार्वे यांची 'बळकावणीतून भांडवलसंचय' ही संकल्पना हल्ली प्रत्येक आराखड्यात असते. २००३ च्या 'द न्यू इम्पीरिअलिझम'मध्ये त्यांनी ती मांडली. दाभोळला ती लावायची का? गुहागरच्या जमिनीला आणि किनाऱ्याला ती बऱ्यापैकी लागू पडते. तिथे सामायिक किंवा छोट्या मालकीची संसाधनं सत्तेच्या जोरावर दुसरीकडे गेली.

पण स्थिर आकाराचं काय? तिथे कुणाची जमीन हिसकावलेली नाही. तिथे भविष्यातल्या वीस वर्षांच्या वीजबिलांतून आणि करांतून येणारा पैसा आधीच कंपनीच्या नावे बांधून ठेवला आहे. मार्क्सच्या मांडणीत भांडवलदार जोखीम घेऊन बाजारात उतरतो. इथे जोखीम सरकारने उचलली आणि कंपनीकडे उरला तो खंडासारखा ठरलेला ओघ. याला नफा म्हणायचं, खंड म्हणायचं की कर वसूल करण्याचा खासगी अधिकार? दोन्ही गोष्टींवर एकच शिक्का मारला की हा प्रश्न दिसेनासा होतो. संकल्पना दिवा म्हणून वापरा, लेबल म्हणून नको.

मग वाद मिटला का?

नाही, आणि त्याचे परिणाम आपण आजही बिलात भरतो. एन्रॉननंतर दोन वाटा फुटल्या. एक वाट नियमनाची. १९९९ मध्ये राज्य वीज नियामक आयोग आला. करार, दर आणि हिशेब जाहीर सुनावणीत तपासले जाऊ लागले. 'प्रयास'ने ग्राहक प्रतिनिधी म्हणून तिथे वर्षानुवर्षं काम केलं. या वाटेचं म्हणणं असं की मालकी कुणाचीही असो, माहिती उघड झाली आणि प्रश्न विचारायची जागा मिळाली तर लूट रोखता येते.

दुसऱ्या वाटेचा आक्षेप असा की यामुळे राजकीय प्रश्न तांत्रिक होतो. वीज कुणाला, किती, कुठल्या दराने हे रस्त्यावर आणि विधिमंडळात ठरायला हवं. ते आयोगापुढच्या शपथपत्रांत गेलं की आकडे समजणाऱ्या मोजक्यांचाच आवाज उरतो. मंडळाचे हिशेब उघडे पडले ते आयोगामुळे, हे पहिली वाट दाखवते. २००३ च्या वीज कायद्यानंतर २००५ मध्ये त्याच मंडळाचे तुकडे होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण झालं, आणि ते आयोगाच्या असण्याने थांबलं नाही, हे दुसरी वाट दाखवते. दोन्ही म्हणणी खरी आहेत. म्हणूनच हा वाद जिवंत आहे.

जानेवारी २०२३ मध्ये वीज कर्मचाऱ्यांनी ७२ तासांचा संप पुकारला होता, आठवतं? अदानी समूहाच्या कंपनीने भांडुप, ठाणे, नवी मुंबई परिसरात समांतर वितरण परवाना मागितला होता, त्याविरुद्ध. चर्चेनंतर पहिल्याच दिवशी संप मागे घेतला गेला. यावेळी कंपनी देशी होती, डॉलर नव्हता, गुप्त करार नव्हता आणि परवान्याचा अर्ज कायद्याच्या चौकटीतच होता. म्हणजे पहिल्या युक्तिवादाला पकडायला फार काही नव्हतं. जास्त बिल भरणारे ग्राहक खासगी कंपनीने उचलले तर उरलेल्यांचा भार कुणी वाहायचा, हा प्रश्न दुसऱ्या आणि चौथ्या युक्तिवादाचा आहे. १९९५ मध्ये करार वाचून लढाई जिंकण्याच्या जवळ जाता आलं. आता मंडळ नेमकं कुणासाठी चालवायचं, याचं उत्तर तयार नसेल तर वाचायला करारही हाती नसणार.

तुमच्या आराखड्यासाठी

शेवटी, हे सगळं कामाला कसं लावायचं ते थोडक्यात.

तुमचा विषय वीज नसेल, पाणी, एसटी, विमा, कृषी बाजार, शिक्षण काहीही असेल. त्यातली डावी टीका घ्या आणि प्रत्येक दाव्यापुढे लिहा: करार, धोरण की व्यवस्था? मग पुढच्या रकान्यात लिहा: याला पुरावा काय लागेल, आणि तो मला मिळेल का? तिसऱ्या रकान्यात: कुठली गोष्ट सापडली तर हा दावा मला सोडावा लागेल? तिसरा रकाना रिकामा राहत असेल तर तो दावा अजून संशोधनाचा झालेला नाही. तो भूमिका म्हणून ठेवा. भूमिका असायला हरकत नाही, पण प्रकरणाचं शीर्षक भूमिकेचं नको.

दाभोळवरून निघणारा एक प्रश्न नमुना म्हणून देतो: '१९९९ ते २००१ या काळात वीज मंडळाच्या तोट्यात दाभोळच्या बिलांचा वाटा किती आणि गळती व थकबाकीचा वाटा किती?' सुरुवातीच्या शीर्षकाशी तुलना करा. प्रश्न लहान आहे, उत्तर आकड्यात येऊ शकतं, आणि ते उत्तर काहीही आलं तरी चारपैकी कुठल्या तरी एका युक्तिवादाला आपलं म्हणणं नव्याने मांडावं लागेल.

पुण्यात असाल तर गोखले संस्थेतलं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय, 'प्रयास'चे अहवाल आणि कामगार संघटनांच्या कार्यालयांतली जुनी पत्रकं इथून सुरुवात करा. पत्रकांना कमी लेखू नका. गोखले संस्थेत काम केलेल्या अर्थतज्ज्ञ सुलभा ब्रह्मे यांच्यासारख्यांनी जागतिकीकरणावर साध्या मराठीत पुस्तिका लिहिल्या, त्या इंग्रजी नियतकालिकांच्या यादीत सापडत नाहीत. इंग्रजी लेखात युक्तिवाद नीटनेटका दिसतो. तो मोर्चातल्या माणसाला कसा सांगितला गेला आणि सांगताना त्यातलं काय गाळलं गेलं, हे मराठी पत्रकातच कळतं. आणि डाव्यांमधला खरा वाद बहुतेक वेळा त्या गाळलेल्या भागातच असतो.